ताऱ्यांची चौकट काढा, नाहीतर बस धुवा

बस लांबून येताना दिसली की तिच्या कपाळावरचा नंबर वाचून तुम्ही पुढे सरकता. तो नंबर तिथे कुणी रंगवला, असा प्रश्न तुम्हाला आयुष्यात एकदा तरी पडलाय का? नाही पडला. पडायचं कारणही नाही. नंबर सरळ असला की डोळ्याला खुपत नाही, आणि जे खुपत नाही त्याची दखल घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. उशीर झाला की ड्रायव्हरला शिव्या, सुट्टे नसले की कंडक्टरला शिव्या. रंगाऱ्याच्या वाट्याला शिवीसुद्धा येत नाही.

तर त्या रंगाऱ्याची ही गोष्ट. डेपोत त्याला सगळे ओळंबा म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तोच ओळंबा. हा माणूस तुमच्या घरी आला तर बसायच्या आधी तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो. चहाच्या कपाचा कान ज्या दिशेला आहे ती त्याला पटली नाही तर बशी फिरवतो. एकदा युनियनच्या सभेत नेत्यांचं भाषण रंगात आलेलं असताना हा उठून मंचावर गेला आणि मागचा वाकडा पडदा ओढून आला. भाषणाचा विचका झाला, पण पडदा सरळ झाला.

काम त्याचं बघण्यासारखं. बसच्या कपाळावर तो पट्टी लावत नाही. दोरीची घडी घालून मध्य काढतो, खडूचा एक ठिपका देतो, आणि त्या ठिपक्यापासून दोन्ही बाजूंना नंबर उघडत नेतो. हात थरथरत नाही, तोंड मात्र सतत चालू. रंग पातळ आलाय, ब्रश झडलाय, शेडला खिडकी नाही, साहेबाला अक्कल नाही. स्वभावाने गरीब वगैरे अजिबात नाही. आपल्यासारखा रंगारी आसपासच्या सगळ्या डेपोंत नाही, असं तो स्वतः सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नाही.

त्याची बायको त्याच डेपोत धुलाईला आहे. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. रोज सकाळी दोघं एकत्र येतात, फाटकातून आत आल्यावर तो उजवीकडे रंगाच्या शेडमध्ये जातो आणि त्या डावीकडे धुलाईच्या फरशीवर जातात. मध्ये अख्खं पटांगण. तेवढ्या अंतरावरूनही त्यांचं भांडण चालतं. भांडणाचा विषय एकच: वहिनींचा ब्रश कडक, त्याने नंबरांच्या कडा खरवडतात.

"जरा हलक्या हाताने," हा शेडमधून ओरडणार.

"चिखल हलक्या हाताने निघत नाही. तुम्ही या आणि फुंकर मारा," तिकडून उत्तर येणार.

सगळं असं नीट चाललेलं असताना डेपोला नवीन साहेब मिळाले. नवीन साहेबांना आल्याआल्या काहीतरी आधुनिक करावं लागतं, नाहीतर ते आलेत हे कळणार कसं? ब्रेकचे सुटे भाग येत नाहीत, बायकांच्या संडासाला कडी नाही, या गोष्टी जुन्या झाल्या. साहेबांनी परिपत्रक काढलं: कुशल श्रेणीतील प्रत्येक कर्मचाऱ्याने संगणकाची प्राथमिक चाचणी उत्तीर्ण होणे आवश्यक आहे, अनुत्तीर्ण कर्मचाऱ्यास धुलाई विभागात वर्ग करण्यात येईल.

म्हणजे वायरमन, सुतार, पत्रा ठोकणारे आणि रंगारी, सगळे परीक्षेला. आणि परीक्षा कसली? काळ्या पडद्यावर ताऱ्यांची चौकट काढायची. पत्त्यांमध्ये लाल चौकट असते ना, तो आकार. कीबोर्डवर जे फुलीसारखं तारेचं चिन्ह असतं, ते ओळीने छापत जायचं. वर एक तारा, खाली वाढत वाढत पोट, मग कमी होत होत पुन्हा एक. तेही प्रोग्रॅम लिहून. आता बसचा ब्रेक लागत नसेल तर ताऱ्यांची चौकट कामाला येते, हे आम्हा अडाण्यांना माहीत नव्हतं. साहेबांना माहीत असणार.

शिकवायला एक मॅडम आल्या. वयाने लहान, कंत्राटावर. किती लोक पास झाले यावर त्यांचं पुढचं कंत्राट अवलंबून, त्यामुळे त्या रागावत नसत, काळजी करत. जुन्या तिकीटखोलीत टेबलं लावून वर्ग भरला. मॅडम फळ्यावर प्रोग्रॅम लिहीत आणि म्हणत, "उतरवून घ्या आणि पाठ करा." सगळे उतरवून घेत. ओळंबा घेत नसे. जे कळलं नाही ते पाठ करायला मी काय पोपट आहे का, असं त्याचं म्हणणं.

मॅडमनी त्याला शेजारी बसून समजावलं. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा. एक लूप बाहेरचा, तो ओळी मोजतो. एक त्याच्या आतला, तो त्या ओळीतले तारे छापतो. पहिल्या ओळीत एक, दुसरीत तीन, तिसरीत पाच. ओळंब्याला हे पटकन कळलं. चौकटीचा वरचा अर्धा भाग, म्हणजे नुसता त्रिकोण, त्याने लिहून चालवला. पडद्यावर तारे आले आणि सगळेच्या सगळे डाव्या कडेला जाऊन चिकटले. त्रिकोण कसला, भिंतीला पाठ टेकून बसलेला आळशी माणूस.

ओळंब्याने पडद्याकडे बघितलं. मान तिरकी केली. मग कागदाची घडी करून पडद्याच्या पायाखाली घातली.

"काका, काय करताय?"

"पडदा वाकडा आहे."

"पडदा सरळ आहे. तुमचा त्रिकोण कडेला टेकलाय."

तो उठला, शेडमध्ये गेला आणि दोऱ्याला नट बांधून घेऊन आला. पडद्यासमोर धरला. सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. दोरा म्हणाला पडदा सरळ आहे. ओळंब्याचा दोऱ्यावर जन्मभराचा विश्वास, त्यामुळे वाद संपला.

"मग याला मध्यावर घ्या," तो म्हणाला.

"त्याला मध्य कळत नाही, काका. तो प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करतो."

"यंत्राला मध्य कळत नाही आणि परीक्षा माझी?"

मॅडम हसू दाबून म्हणाल्या, "ताऱ्यांच्या आधी मोकळ्या जागा छापाव्या लागतात. आधी मोकळ्या जागा, मग तारे."

इथे घोडं अडलं. ओळंबा टेबलावर हात ठेवून त्यांना समजावू लागला, जणू शिकायला त्याच आल्या होत्या. "मॅडम, मोकळी जागा म्हणजे जिथे मी काही करत नाही ती. तिथे ब्रश लागत नाही, रंग लागत नाही. जे मी करतच नाही, ते कर असं याला कसं सांगू?"

"सांगावं लागतं."

"का?"

मॅडमना याचं उत्तर पुस्तकात मिळालं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाठ करा ना, काका. माझ्यासाठी." आणि तो अजूनच चिडला.

वर्गातल्या बाकीच्यांचं बरं चाललं होतं. वायरमनला आम्ही शॉर्टकट म्हणतो, ते उगीच नाही. त्याने लूपबिपच्या भानगडीत न पडता छापायची आज्ञा ओळीमागून ओळ लिहिली, आणि प्रत्येक ओळीत मोकळ्या जागा आणि तारे हाताने ठोकले. चालवल्यावर चौकट आली, हुबेहूब. मॅडमनी बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. पास होणारा माणूस होता, कशाला अडवायचा?

"तू पण असंच कर," शॉर्टकट ओळंब्याला म्हणाला. "परीक्षा घेणारा पडद्यावरचं चित्र बघणार. पोटात काय लिहिलंय ते कोण उघडून बघतो? आणि तू तर रंगारी. हातानेच काढ की."

"हातानेच काढायचं तर मला पिवळा रंग दे आणि भिंत दाखव," ओळंबा म्हणाला. "एकेक तारा बोटाने ठोकायचा, तर मग यंत्राला काय पूजेला ठेवलंय?"

बघा हं. यंत्राला शिव्या देणाराच यंत्राच्या रीतीने करायचं म्हणून अडून बसला होता, आणि ज्यांना यंत्राचं भारी कौतुक ते बोटाने तारे ठोकत होते.

घरी मात्र त्याचा धीर सुटायचा. दोन खोल्यांचं घर, त्यात हा येरझाऱ्या घालणार आणि एकच वाक्य बोलणार: "धुलाईत टाकतील." जेवताना तेच, हात धुताना तेच. अशा सुरात, की धुलाई म्हणजे काळं पाणीच. ब्रश गेला तर आपण कोण उरतो, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ती भीती काही खोटी नव्हती. पण ऐकणारी बाई रोज त्याच काळ्या पाण्यावरून येऊन त्याला वाढत होती.

एकदा वहिनींनी ताट जरा जोरात ठेवलं. "मी कुठे जाते रोज?"

"कुठे म्हणजे?"

"तुम्हाला जिथे टाकणार म्हणून घास उतरत नाही, तिथे मी इतकी वर्षं कामाला जाते. शिक्षा म्हणून नाही, नोकरी म्हणून. कधी विचारलंत, तुला तिथे टाकलंय का म्हणून?"

"अगं, तुझी गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

ओळंब्याने भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. ते सरळच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये काम नव्हतं. हा दारात स्टूल टाकून बसला आणि, का कोण जाणे, प्रथमच धुलाईकडे नीट बघू लागला. एरवी तो तिकडे बघायचा ते फक्त आपल्या नंबरांची काळजी म्हणून.

धुलाईच्या फरशीवर बसगाड्यांची ओळ तिरकी लावतात, कारण सरळ लावली तर वळायला जागा पुरत नाही. त्यामुळे पहिल्या बसचं तोंड डाव्या भिंतीपासून बरंच लांब, दुसरीचं जरा जवळ, तिसरीचं आणखी जवळ. आणि नळ एकच, त्याच डाव्या भिंतीला. पाइप फाटून जमाना झाला. नवीन पाइप मागितला होता, पण ती मागणी काही आधुनिक नव्हती. म्हणून वहिनी नळावर बादली भरणार, भरलेली बादली घेऊन मोकळ्या फरशीवरून चालत जाणार, पहिल्या बसच्या तोंडाशी पोचल्यावर ब्रश लावणार. ती बस झाली की परत भिंतीशी. पुन्हा बादली, पुन्हा मोकळी फरशी, पण या खेपेला चालणं थोडं कमी, कारण बस जवळ. मग तिसरी.

ओळंबा उठून उभा राहिला.

बायको चालत होती तेवढा वेळ ती धुवत नव्हती. कामाच्या नोंदीत ते चालणं नव्हतं, त्याच्या डोक्यातही नव्हतं. पण ती चालली नसती तर ब्रश भिंतीलाच घासत बसली असती. प्रत्येक ओळ भिंतीपासून सुरू, आधी मोकळं चालणं, मग काम. आणि दर ओळीला चालणं कमी.

तो तडक पटांगण ओलांडून गेला. वहिनींना वाटलं, नंबरावरून भांडायला आला.

"किती वजन आहे गं या बादलीला?" त्याने विचारलं.

"उचलून बघा."

त्याने उचलली, नळापासून पहिल्या बसपर्यंत नेली, खाली ठेवली आणि तिकीटखोलीकडे पळाला. वहिनी बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "परीक्षेने डोक्यावर परिणाम झाला वाटतं."

वर्गात त्याने बाहेरच्या लूपच्या आत आणखी एक लूप घातला, ताऱ्यांच्या लूपच्या आधी. हा फक्त मोकळ्या जागा छापणारा, दर ओळीला एक कमी. चालवला. त्रिकोण मधोमध उभा राहिला, ताठ. ओळंब्याने खिशातून दोरा काढून शेंड्यावरून सोडला. मॅडमनी टाळी वाजवली आणि लगेच इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. खालचा अर्धा भाग त्याने त्याच बैठकीत उलटा लूप घालून केला. पहिल्यांदा पोटाची ओळ दोनदा आली, वरच्या भागाची एक आणि खालच्याची एक. ती त्याने मॅडमच्या आधी पकडली. चौकट तयार.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता परीक्षेपर्यंत याला हात लावू नका."

हे रंगाऱ्याला सांगायचं असतं का?

परीक्षेच्या दिवशी मुख्य कार्यालयातून एक गृहस्थ आले. हातात नमुन्याचा कागद, त्यावर छापील चौकट. टेबलाटेबलावर जायचं, पडद्याशेजारी कागद धरायचा, जुळलं तर बरोबर. शॉर्टकटची हाताने ठोकलेली चौकट तंतोतंत जुळली. पास. सुताराने पाठ केलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला, एक ओळसुद्धा न समजता. पास. गृहस्थांनी त्याला शाबासकीही दिली.

ओळंब्याने चौकट काढली. लूप बिनचूक, आकार बिनचूक. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि डोळे बारीक केले, बसचा नंबर झाल्यावर चार पावलं मागे जाऊन करतो तसे. आणि त्याला ते खटकलं. पडद्यावरचं अक्षर उंचीला जास्त, रुंदीला कमी. त्यामुळे चौकट दिसत होती लांबट आणि उपाशी, कुणीतरी दोन्ही टोकं धरून ओढल्यासारखी. हे असलं काम सोडून उठणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने प्रत्येक ताऱ्यामागे एक मोकळी जागा घातली, आधीच्या मोकळ्या जागा दुप्पट केल्या, आणि चौकट ऐसपैस, डौलदार झाली. मोकळी जागा कशी सांगायची हे आता त्याला येत होतं ना, मग थांबतोय कशाला?

लांबून मॅडम मानेनेच नाही नाही म्हणत होत्या. ओळंब्याने त्यांच्याकडे बघितलं नाही.

गृहस्थांनी कागद धरला. "हे जुळत नाही."

"जुळणार नाही. तुमची चौकट चुकीची दिसते. माझी बरोबर दिसते."

"नमुन्यासारखं काढायचं होतं."

"नमुना कुणी काढलाय? माणसाने का यंत्राने?"

"अहो, तुम्ही एवढं केलंत, त्या जागा काढून टाका. मी थांबतो."

हे लक्षात घ्या. तो गृहस्थ वाईट नव्हता, थांबायला तयार होता. दोन बदल करायचे होते. ओळंबा म्हणाला, "बरोबर आहे ते बिघडवून दाखवू?" आणि उठला. नापास. मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि शॉर्टकट मात्र पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून फिरत होता. सगळ्या वर्गात ज्याला लूप कळला, तो एकटा नापास झाला. पण चूक साहेबांची जेवढी, तेवढीच याच्या ताठ मानेचीही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. त्याने माझी कॉलर सरळ केली.

ऑर्डर निघाली: सोमवारपासून धुलाई विभाग.

युनियन खवळली. तातडीची बैठक झाली, निदर्शनं ठरली, आणि फलक रंगवायचं काम अर्थातच ओळंब्याकडे आलं. सेक्रेटरींनी मजकूर दिला: 'कुशल कामगारांना धुलाईत ढकलू नका.' ओळंब्याने शेडमध्ये कापड ताणलं, दोरीची घडी घालून मध्य काढला, आणि मन लावून रंगवलं. शेडमधलं त्याचं ते शेवटचं काम. अक्षरं अशी, की वाचून साहेबांनाही वाटावं आपण कुणाला ढकलू नये.

फलक वाळत होता तेव्हा वहिनी त्याला घरी न्यायला आल्या. उभ्या राहिल्या, सगळं वाचलं.

"ढकलू नका," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी कुणीतरी ढकललेली."

"अगं, सेक्रेटरींचे शब्द आहेत."

"अक्षर तुमचं आहे."

सेक्रेटरी तिथेच होते. ते म्हणाले, "वहिनी, लढा मोठा आहे. त्यात असं वैयक्तिक घेऊ नये."

"भाऊजी, मग हा फलक धरायला धुलाईच्या बायकांना बोलावू नका. तुमच्या प्रत्येक मोर्च्यात पुढे आम्हीच असतो, म्हणून सांगितलं," वहिनी म्हणाल्या आणि पदराने हात पुसत बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

ओळंबा बराच वेळ फलकाकडे बघत बसला. सेक्रेटरींना वाटलं, एखादं अक्षर वाकडं आलंय. मग त्याने पांढरा डबा उघडला आणि स्वतःच्या हाताने काढलेली ती अक्षरं पुसून टाकली, एकेक करून. आयुष्यात सरळ आलेलं काम त्याने कधी मोडलं नव्हतं. परीक्षेत दोन बदल करायला जो माणूस तयार झाला नाही, त्याने इथे अख्खी ओळ घालवली.

"काय करताय? वेळ नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"चूक आहे."

"कुठे?"

"सगळीकडे."

नवीन मजकूर त्याने कुणाला विचारला नाही: 'धुणाराही कुशल. परीक्षा रद्द करा, नळाला पाइप द्या.' सेक्रेटरी म्हणाले, पाइप फार किरकोळ मागणी आहे, फलकावर शोभत नाही. ओळंबा म्हणाला, शोभा मला शिकवू नका.

आता तो धुलाईत आहे. वहिनी तिथे सगळ्यात जुन्या, म्हणून त्याच्या मुकादम. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला बादली दिली आणि म्हणाल्या, "भिंतीपासून सुरुवात." तो आपल्याच नंबरांवर ब्रश फिरवतो, अगदी हलक्या हाताने, आणि बस अर्धी मळकी राहते म्हणून रोज बोलणी खातो. शेडमध्ये त्याच्या जागी आता कुणी नाही. नंबर मुख्य कार्यालयातून चिकटपट्टीवर छापून येतात, आणि शॉर्टकट ते चिकटवतो, कारण तो परीक्षा पास आहे. परवा एक बस निघाली, तिचा नंबर दरवाजाच्या बाजूला इतका कलला होता, की प्रवासी मान वाकडी करून वाचत होते. ओळंब्याने डोळ्यांवर हात ठेवला आणि वहिनींना म्हणाला, "मला घरी ने."

त्यांनी नेलं नाही. दुसरी बादली भरून दिली.

आम्ही येत्या सोमवारी सकाळी डेपोच्या फाटकाशी उभे राहणार आहोत. धुलाईच्या बायका येणार आहेत, रंगारी येणार आहे, तिकीटखोलीच्या मॅडमही येते म्हणाल्यात, त्यांचं कंत्राट वाढलं नाही. फलक लांबलचक झालाय आणि धरायला हात कमी पडतायत. तुम्ही रोज त्याच फाटकातून निघालेल्या बसने जाता. एक बस सोडा, फाटकाशी या आणि कापडाचं एक टोक धरा. तेवढं सरळ धरा मात्र. तो बघत असतो.